व्होल्टेज कुठं उतरवायचं

आमच्याकडं घर बांधायला निघालं की देवघराची दिशा, न्हाणीचा उतार, दाराच्या चौकटीचं लाकूड यांवर महिनाभर बोलणं होतं. स्वयंपाकघरातला दिवा मात्र ठरतो तो रंगारी शिडी घेऊन उभा राहिल्यावर. पूर्वी त्यानं फारसं अडत नव्हतं. दारावर चार फुटी ट्यूब ठोकली की झालं, उजेड कमी वाटला तर समोरच्या भिंतीवर दुसरी. आता कोगनोळीसारख्या गावातही फॉल्स सीलिंग आलंय आणि पीओपीवाला भोकं पाडायच्या आधी खालून ओरडून विचारतो, "वायरमन, कटिंग कितीचं?" त्या क्षणी जे सांगाल ते पुढं दहा वर्षं त्या घरातल्या बाईच्या डोक्यावर राहणार असतं.

मी कर्नाटकातल्या कोगनोळी, हंचिनाळ, आप्पाचीवाडी, सौंदलगा आणि नदीपलीकडं महाराष्ट्रातल्या कागल एवढ्या टापूत वायरिंगची कामं करतो. बाहेरच्या माणसाला आमचं गाव पुणे-बंगळूर महामार्गावरचा टोलनाका म्हणून माहीत. आम्हाला ते ऊस, तंबाखू आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या पोरांचं गाव म्हणून. या पोरांनी आणि पुण्याला गेलेल्या त्यांच्या भावांनी घरं नवी केली. त्यांच्या फोनमध्ये किचनचे फोटो असतात, आणि फोटो दाखवून झाला की प्रश्न येतो: छतातले दिवे बारा व्होल्टचे घ्यायचे की सरळ २३०चे?

प्रश्न जुना आहे, हॅलोजनच्या काळातला. कोल्हापूरला गुजरीत सराफांच्या शोकेसवर जे छोटे, झगझगीत दिवे असायचे ते बहुतेक एमआर१६, म्हणजे दोन इंच तोंडाचे, १२ व्होल्टवर चालणारे, ५० वॅटचे. बारा व्होल्टला फिलामेंट जाड आणि आखूड ठेवता येतं, त्यामुळं ते दणकट होतं आणि झोत नेमका एका जागी पडतो. सोन्याला ते फार शोभायचं. तसेच दिसणारे २३० व्होल्टचेही यायचे, जीयू१० होल्डरचे, त्यांना ट्रान्सफॉर्मर लागत नसे. पण त्यांचं फिलामेंट लांब आणि बारीक, झोत थोडा पसरट. म्हणून आर्किटेक्ट लोकांचा ओढा बारा व्होल्टकडं असायचा. दुकानातली ती गोष्ट मग बंगल्यांच्या दिवाणखान्यात आली आणि तिथून स्वयंपाकघरात.

गावातल्या एका बंगल्यात असे सहा दिवे होते. थोरला मुलगा पुण्याला, त्यानं बांधकामाच्या वेळी बसवून घेतलेले. मला बोलावलं ते दोन तक्रारींसाठी. शेवटचे दिवे पहिल्यापासून मंद, आणि आता हॅलोजन काढून त्याच मापाचे पाच वॅटचे एलईडी घातले तर ते लुकलुकतात. वर चढून बघितलं. तीन-तीन दिव्यांना एक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, दीडशे वॅटचा. तिथून दीडच्या वायरीनं पहिला दिवा, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा.

अशा ठिकाणी आपला साधा मीटर लावून उपयोग नाही, कारण या ट्रान्सफॉर्मरमधून येणारा करंट सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. कागदावर हिशोब केला. पन्नास वॅटचा दिवा २३० व्होल्टवर पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. तोच बारा व्होल्टवर चार अँपिअरच्या वर घेतो. तीन दिवे म्हणजे साडेबारा अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागं साधारण बारा ओहम रोध धरा. पहिल्या दिव्यापर्यंत दोन मीटर, पुढं दीड-दीड मीटर, आणि जाणारी-येणारी धरून अंतर दुप्पट. तिसऱ्या दिव्याशी जाईपर्यंत एक व्होल्ट वायरीतच संपतो. २३०मधून एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही, पण बारातून एक गेला तर हॅलोजनचा जवळजवळ पाव उजेड जातो. पाटाच्या शेवटच्या सरीला पाणी कमी पोचतं तसंच हे, फक्त इथं पाट फार उथळ. तेच दिवे २३०वर असते तर तेवढ्याच वायरीत व्होल्टचा दहावा हिस्साही उतरला नसता.

लुकलुकण्याचं कारण वेगळं. हॅलोजनसाठी केलेल्या या ट्रान्सफॉर्मरला चालू राहायला किमान काही भार लागतो. दीडशे वॅटच्या जागी पंधरा वॅट टांगले की त्याला धड धरता येत नाही. तो सुटतो, पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो. दिव्यात दोष नव्हता, ट्रान्सफॉर्मरमध्येही नव्हता. जोडी चुकीची होती. पुण्याच्या मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग एलईडीचा बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाका. बारा व्होल्ट सेफ असतं ना?"

त्याच्या प्रश्नाला मी लगेच हो-नाही म्हटलं नाही, कारण एलईडी आल्यापासून या प्रश्नाची मांडणीच बदलली आहे. पांढऱ्या एलईडीच्या एका चिपला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, मग तो दिवा कुठल्याही नावानं विकत घ्या. म्हणजे २३० कुठंतरी उतरवावेच लागतात. ते एका ठिकाणी, एका डब्यात उतरवून सगळ्या दिव्यांना बारा व्होल्टच्या वायरी न्यायच्या, की २३०ची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत नेऊन त्याच्या पाठीमागच्या छोट्या ड्रायव्हरमध्ये उतरवायचे, एवढाच निर्णय. आणि तो घेताना मला तरी सगळ्यात आधी आठवतं ते हे की बिघडतो तो हाच भाग. एलईडी सहसा जात नाही. ड्रायव्हर जातो.

बंद पडलेला ड्रायव्हर मी गिऱ्हाइकाच्या समोर उघडून दाखवतो. प्लास्टिकची डबी, आत बोटाएवढी हिरवी पट्टी, आणि तिच्यावर एक किंवा दोन छोटे गोल कपॅसिटर. त्यातल्या एकाचं डोकं फुगलेलं असतं, कधी बुडाशी तपकिरी ओल दिसते. या कपॅसिटरमध्ये द्राव असतो आणि उष्णतेनं तो हळूहळू सुकतो. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. आता स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगच्या वर काय असतं ते बघा. खाली दोन शेगड्या, तेलाची वाफ वर गेलेली, वर उन्हानं तापलेला स्लॅब, आणि मधल्या चार इंचांत कोंडलेली हवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी दिव्याच्या भोकातून हात आत घातला की भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. तिथल्या ड्रायव्हरवर चिकट, काळपट थर असतो. बोटाला लागतो, साबणानंही लवकर जात नाही.

त्यात आमची लाईट. गावातली जुनी माणसं वीज कंपनीला अजून 'केईबी' म्हणतात, हेस्कॉम त्यांच्या तोंडी बसलेलं नाही. कागलला गेलं की तीच माणसं 'एमएसईबी' म्हणतात. शेतीपंपांचे फीडर वेगळे करण्याची कामं झाली तरी सगळीकडं सारखा फरक पडलेला नाही. उसाला पाणी चालू असताना गावाच्या टोकाच्या घरात व्होल्टेज दोनशेच्या खाली जातं आणि मध्यरात्री पंप बंद झाले की अडीचशेकडं चढतं. पावसाळ्याच्या तोंडाला वळवाच्या विजा होतात त्या वेगळ्याच. म्हणून ड्रायव्हर घेताना मी खोक्यावर आधी बघतो की तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो. शंभर ते तीनशे लिहिलं असेल तर ठीक. दुसरं बघतो सर्जचा आकडा, अडीच केव्ही की चार केव्ही. वॅट आणि किंमत त्यानंतर.

मग एकाच डब्यात सगळं उतरवलं तर? त्याची बाजूही खरी आहे. बारा व्होल्टचा एक चांगला एसएमपीएस छताच्या बाहेर, गार जागी, कपाटाच्या माथ्यावर ठेवता येतो. बिघडला तर शिडी न चढता बदलता येतो. पण तो गेला की सगळं स्वयंपाकघर एकदम अंधारात. स्वतंत्र ड्रायव्हर असतील तर एक दिवा जातो आणि बाकीच्यांवर जेवण होतं. शहरात हा फरक दोन तासांचा असेल. आमच्याकडं तो किती दिवसांचा होऊ शकतो ते कोरोनात, २०२१मध्ये बघितलं. आमच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडं आरटी-पीसीआरचा कागद मागत होते, आणि आमचा सगळा इलेक्ट्रिकचा माल तर कोल्हापूरचा. एका ड्रायव्हरसाठी नाका ओलांडून जायचं आणि परत येताना कागद दाखवायचा. निपाणीत साधे ड्रायव्हर मिळत होते, पण वेगळ्या मापाचा, वेगळ्या पिनचा काही हवा असला की थांबणं आलं. तेव्हापासून मी असा दिवा बसवतच नाही ज्याचा ड्रायव्हर निपाणीच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळणार नाही. फोटोतला दिवा कितीही देखणा असो.

ड्रायव्हर दिव्यातच छापलेला, वेगळी डबीच नाही, असेही दिवे मिळतात, स्वस्त असतात. मी ते जिन्यात लावतो. स्वयंपाकघरात नाही, कारण एक भाग गेला की पूर्ण दिवा टाकून द्यावा लागतो, आणि चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर त्यातले काही तापतात.

सुरक्षिततेबद्दल मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. ट्रान्सफॉर्मरमधून नीट वेगळं केलेलं बारा व्होल्ट ओल्या हातालाही झटका देत नाही. पण छत नऊ फुटांवर आहे, तिथं कुणाचा हात जातो? जातो तो वायरमनचा, आणि त्यानं एमसीबी पाडूनच जायचं असतं. आणखी एक गैरसमज इथंच काढून टाकतो. २३०च्या दिव्याच्या ड्रायव्हरमधून ज्या दोन बारीक वायरी बाहेर येतात त्या पाहून लोकांना वाटतं, यात आता काही नाही, हात लावला तरी चालेल. स्वस्त ड्रायव्हर आयसोलेटेड नसतात. म्हणजे बाहेर पडणारा करंट कमी व्होल्टचा दिसला तरी त्याचं एक टोक आत मेनशी जोडलेलं असतं. चालू असताना तिथं बोट लावलं तर झटका बसतो, आणि शिडीवर उभ्या माणसाला झटक्यापेक्षा पडण्याची भीती जास्त. त्यामुळं स्वयंपाकघराच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, हे मी पैशाच्या गोष्टी सुरू व्हायच्या आधी सांगतो. तो नको म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मला घरातल्या आक्कांनी सांगितलं. मुलाचा फोन ठेवून मी छताकडं बघत उभा होतो. त्या परातीत पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "अरं बाबा, तुमचं बारा आन् दोनशे चाललंय, पर ह्यो उजेड माझ्या पाठीवर पडतोय. पाठीवर काय भाकरी थापायच्यात व्हय?"

मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. सहाही दिवे खोलीच्या मध्यावर, दोन सरळ ओळींत, फोटोत शोभतील असे. ओटा भिंतीला. ओट्यासमोर उभं राहिलं की सगळे दिवे पाठीमागं, आणि डोक्याची, खांद्याची सावली बरोबर परातीत. पीठ किती घट्ट झालंय ते त्या हातानं ओळखत होत्या, डोळ्यांनी नाही. परातीच्या कडेला लागलेलं कोरडं पीठ त्यांना दिसत नव्हतं. ज्वारीची भाकरी थापताना कडा फाटायला लागली की लगेच बोट ओलं करून सांधावी लागते, आणि ती फाट दिसायलाच हवी. वर भिंतीला फूटभर खोलीची कपाटं होती, त्यांनी उरलासुरला उजेडही अडवलेला. सहा-सहा दिवे त्या खोलीत जळत होते आणि जिथं काम होतं तिथं अंधार होता.

तिथं माझ्या मनात गोष्ट पक्की झाली. अख्ख्या खोलीसाठी एक व्होल्टेज निवडायचं हे चुकीचं. हात जिथं पोचत नाही तिथं २३०, आणि हात जिथं पोचतो, तेही ओला हात, तिथं बारा.

ओटा दोन फूट खोल. म्हणून भिंतीपासून दोन फुटांवर, म्हणजे बरोबर ओट्याच्या कडेवर, छतात एक ओळ घेतली. या जागी दिवा डोक्याच्या किंचित पुढं येतो, कपाटांच्या बाहेर राहतो आणि उजेड हातावर पडतो. दहा वॅटचे चार दिवे: तीन ओट्यावर, एक फ्रीज आणि जेवायच्या जागेच्या बाजूला. प्रत्येकाला आपला ड्रायव्हर, आणि वरची वायर इतकी सैल की दिवा ओढला तर ड्रायव्हरसकट भोकातून खाली यावा. हे पीओपीवाल्याला सांगून करून घ्यावं लागतं, नाहीतर तो ड्रायव्हर फ्रेमच्या मागं सरकवून मोकळा होतो. मधली जुनी भोकं बुजवली.

कपाटांच्या खाली, सिंकच्या डोक्यावर आणि ओट्याच्या लांबीभर बारा व्होल्टची पट्टी लावली, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, वर दुधी झाकण. मीटरला दहा वॅट, तीन मीटर, म्हणजे अडीच अँपिअर. पाच अँपिअरचा एसएमपीएस घेतला, म्हणजे तो निम्म्या भारावर गार चालतो. कपाटाच्या माथ्यावर, शेगडीच्या विरुद्ध टोकाला, मागून हवा लागेल असा ठेवला. एसएमपीएसचं अर्थिंग सोडायचं नाही, आणि तो आयसोलेटेड आहे याची खात्री करूनच घ्यायचा, नाहीतर बारा व्होल्टच्या नावाखाली काही वेगळंच हाताशी येतं. तीन मीटरला बारा व्होल्ट पुरतात. पट्टी पाच मीटरच्या पुढं गेली तर मी चोवीस व्होल्टची घेतो, किंवा दोन्ही टोकांनी वायर देतो. कारण तेच, शेवटच्या सरीचं.

रंगाचा निर्णयही आक्कांनीच घेतला. आमच्याकडं सगळ्यांना 'व्हाइट' हवा असतो, ६५०० केल्विनचा, कारण तो जास्त लख्ख वाटतो. मी दोन दिवे टेबलावर ठेवून लावून दाखवले. त्या आत गेल्या आणि कढईत भाजलेली सुकी मिरची घेऊन आल्या. कांदा-लसणाच्या चटणीसाठी मिरची कुठल्या क्षणी काढायची ते तिच्या रंगावर ठरतं. एक छटा पुढं गेली की चटणी कडू. पांढऱ्या दिव्याखाली सगळी मिरची सारखीच काळपट लाल दिसत होती. ४००० केल्विनच्या, रंग चांगले दाखवणाऱ्या दुसऱ्या दिव्याखाली भाजलेली आणि करपायला लागलेली वेगळी दिसली. "ह्योच बसव," म्हणाल्या. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, हा दिवा नव्वदचा होता, पांढरा ऐंशीचा. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी असतो, म्हणून मिरची, मटण, टोमॅटो मेलेले दिसतात. हॅलोजनचं एक मान्य केलं पाहिजे, हा आकडा त्याचा शंभराजवळ असायचा. त्या उजेडात अन्न जसं दिसायचं तसं एलईडीत आणायला आता जादा पैसे मोजावे लागतात. मी गिऱ्हाइकाला ते मोजायला लावतो. दिव्यामागं पन्नास-साठ रुपयांचा फरक पडतो आणि घरची बाई रोज त्याखाली उभी राहते.

बिलाचं थोडक्यात. चार हॅलोजन रोज चार तास चालले तर महिन्याला २४ युनिट. चार एलईडी तेवढ्याच वेळात पाचाच्या आत. कर्नाटकात २०२३पासून गृहज्योती आहे, २०० युनिटपर्यंत बिल नाही, म्हणून लोक म्हणतात आता वॅट कशाला मोजायचे. पण बहुतेक घरांचा कोटा योजनेच्या आधीच्या वर्षाच्या सरासरीवर दहा टक्के वाढवून ठरलेला आहे. ज्याचा कोटा ७० युनिट आहे त्याला २४ युनिट जाणवतात. नदीपलीकडं ही सवलत नाही, तिथं पहिल्या युनिटपासून जाणवतात.

मुलगा गणपतीला आला तेव्हा त्यानं दिवे बघितले. फोटोतल्यासारख्या दोन ओळी नव्हत्या, एकच होती, आणि ती भिंतीकडं सरकलेली. थोडा वेळ काही बोलला नाही. मग ओट्याजवळ जाऊन उभा राहिला, हात पुढं केले, खाली बघितलं, आणि पुण्याच्या फ्लॅटचं माप सांगायला लागला.

त्याच घरात परड्यात चूल आहे. अंघोळीचं पाणी, सणाच्या भाकरी, मटणाचा रस्सा अजून तिथंच होतो. तिथं छतातला दिवा बारा व्होल्टचाही नको आणि २३०चाही नको. पत्र्याखाली धूर साठतो आणि दिवाळीच्या आत ड्रायव्हर काजळीनं भरतो. तिथं मी बंद काचेचा बल्कहेड लावतो, भिंतीवर, चुलीच्या उजव्या अंगाला, छातीच्या थोडं वर, धुराच्या वाटेतून बाजूला. होल्डर साधा, आत नऊ वॅटचा गोळा, जो कुणालाही बदलता येतो. बटण ओल्या हाताच्या जागेपासून लांब, दाराच्या आत. काच महिन्यातून एकदा, दिवा बंद करून, राखेनं पुसायची. आक्का पंधरा दिवसांनी पुसतात.